घोड्याच्या कुरणातलं विषारी तण कसं आवरावं

पोटभर गवत मिळणारा घोडा विषारी झाडाला सहसा तोंड लावत नाही. बरीचशी विषारी झाडं कडू असतात, उग्र वासाची असतात आणि घोडा वेचून खाणारं जनावर आहे. तरीही दरवर्षी घोडे विषबाधेने दगावतात, त्याची दोन मुख्य कारणं आहेत. एक म्हणजे फेब्रुवारी ते जून या काळात माळ करपतो आणि हिरवं म्हणून उरतं ते फक्त बेशरम, रुई, एरंड आणि धोतरा. दुसरं म्हणजे तण गवताबरोबर कापलं जातं, वाळून पेंढीत जातं, आणि वाळल्यावर कडूपणा नि वास कमी झाल्याने घोड्याला ते वेगळं काढता येत नाही. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पोटातच राहतं. म्हणून तण उपटणं हे निम्मं काम, गवत दाट ठेवणं आणि गंजी स्वच्छ ठेवणं हे उरलेलं निम्मं.

आधी कुरण पायी फिरा

पाऊस सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी एकदा, सप्टेंबरअखेर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, असं वर्षातून तीनदा कुरण पायी फिरा. मधल्या गवतात तण कमी असतं. ते असतं कडेने: बांध, ओढ्याचा काठ, कुंपणाची रेघ, पाण्याच्या हौदाभोवतीची तुडवलेली जागा, उकिरडा आणि जेसीबीने उकरलेली माती. झाडाखाली वाकून बघा, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या घाणेरीच्या बियांची रोपं तिथेच उगवतात. जे दिसेल त्याचा मोबाईलवर फोटो घ्या आणि जागेला काठी रोवून खूण करा. फुलोऱ्यात ओळखू आलेलं झाड उन्हाळ्यात नुसत्या खुंटावरून ओळखता येत नाही.

सगळ्यात आधी खुळखुळा

क्रोटालेरिया वंशातली ही झाडं माळरानावर, पडीक शेतात, रस्त्याच्या भरावावर येतात. फुलं पिवळी, पतंगासारखी. शेंगा फुगीर, दोन ते चार सेंटिमीटरच्या, वाळल्या की हलवताच आत बिया खुळखुळतात. यातल्या पायरोलिझिडीन अल्कलॉइडमुळे यकृताच्या पेशींचं विभाजन थांबतं आणि हळूहळू यकृत तंतुमय होतं. शेळ्या-मेंढ्या हे विष बऱ्यापैकी पचवतात. घोडा आणि डुक्कर मात्र त्याला लवकर बळी पडतात. शेजारच्या शेळ्या तेच खाऊन धडधाकट आहेत, हा पुरावा घोड्याच्या बाबतीत काही कामाचा नाही.

फसवणूक वेळेत आहे. खाल्ल्यावर त्या दिवशी काहीच होत नाही. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी घोडा रोडावतो, सारख्या जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा पडतो, भिंतीला डोकं टेकून उभा राहतो किंवा एकाच दिशेने उगाच चालत सुटतो. उत्तर ऑस्ट्रेलियात याच वंशातल्या झाडांमुळे होणाऱ्या आजाराला किंबर्ली घोडेरोग म्हणतात, आणि तिथेही घोडे असेच वाट फुटेल तिकडे चालत राहतात. लक्षणं दिसेपर्यंत यकृताचा मोठा भाग गेलेला असतो, त्यामुळे इथे उपचारापेक्षा उपटणीच महत्त्वाची.

खुळखुळ्याच्या बहुतेक जाती एका हंगामाच्या असतात, हे आपल्या सोयीचं. फुलं दिसताच, शेंग धरायच्या आत, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा. ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा त्याचा काळ. शेंगा धरल्या असतील तर आधी झाडावर पोतं घाला, मग बुंधा कापा. नाहीतर वाळक्या शेंगा तडकून बी तिथेच सांडतं. बियांचं कवच कठीण असतं, त्या जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून एका वर्षात साफ झालं असं समजू नका. किमान तीन-चार पावसाळे त्याच जागेवर नजर ठेवा. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग याच वंशातला आहे. तागाचं बी आणि बी झाडल्यावरचा भुसा घोड्याला घालू नका.

बेशरम, धोतरा, एरंड, कण्हेर

बेशरम ओढ्याकाठी आणि तळ्याच्या गाळात वाढतं आणि ऐन मे महिन्यात हिरवंगार असतं, हाच त्याचा धोका. त्यातलं स्वेन्सोनिन हे विष अमेरिकेत घोड्यांना वेड लावणाऱ्या लोकोवीड नावाच्या झाडांतही असतं: मान थरथरते, तोल जातो, जनावर बुजतं. शिवाय जनावराला त्याची चटक लागते. एकदा खायला लागलं की चांगलं गवत समोर असताना तिकडेच वळतं. बेशरम कोयत्याने छाटू नका. छाटलेला प्रत्येक तुकडा चिखलात पडला की पेरातून मुळं फुटतात आणि एकाची दहा होतात. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरल्यावर कुदळीने गड्डा मुळासकट खणा, फांद्या ताडपत्रीवर किंवा खडकावर पसरा आणि वाकवल्यावर कट्‌कन मोडतील इतक्या वाळू द्या. मगच जाळा. पहिल्या पावसानंतर महिन्याभराने फुटवे बघायला पुन्हा या.

धोतरा उकिरड्यावर आणि शेणखत पडलेल्या जागी येतो. झाड उपटायला सोपं, पण काटेरी बोंड फुटलं की बी पसरतं. हिरवा धोतरा घोडा सहसा टाळतो. बाधा होते ती मळणीत धान्यात किंवा भुशात मिसळलेल्या बियांमुळे. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडं, आतड्याची हालचाल बंद पडून पोटशूळ, हे चित्र दिसलं की आधी खुराक तपासा.

एरंडाच्या बियांतल्या रायसिन या विषाला घोडा फार हळवा आहे. बांधावर सावलीसाठी किंवा तेलासाठी ठेवलेले एरंड घोड्याच्या कुरणालगत नकोतच. फळबागेत खत म्हणून टाकलेली एरंडी पेंड तितकीच धोक्याची आहे. पोती खुराकाच्या खोलीत ठेवू नका, आणि खत टाकलेल्या बागेत घोडा बांधू नका.

कण्हेरीचं काय करायचं याबद्दल दुमत नको: कुरणाच्या आणि तबेल्याच्या परिसरात एकही झाड नको. शरीराच्या वजनाच्या ०.००५ टक्के वाळलेली पानं घोड्याला मारू शकतात. ४०० किलोच्या घोड्यासाठी हा हिशेब फक्त २० ग्रॅम होतो, म्हणजे मूठभर. पानं वाळली तरी विष तसंच राहतं. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर सर्रास लावलेली असते आणि छाटणीनंतर फांद्या कडेला पडून राहतात. सारंगखेडा किंवा माळेगावच्या यात्रेला जाताना-येताना वाटेत गाडी थांबवून घोडा रस्त्याच्या कडेला चरायला बांधत असाल, तर आधी आजूबाजूचा पाला बघा. कण्हेर काढताना ती जाळू नका, धूरही विषारी असतो. खोल खड्ड्यात पुरा, घोड्यांच्या वाटेपासून दूर.

रुई घोडा क्वचितच खातो. काढायची असेल तर खणून काढा आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, बुबुळाला इजा होते.

घाणेरी

घाणेरी किंवा टणटणी वरून छाटली की बुंध्यातून आणखी जोमाने फुटते. म्हणून दरवर्षी कोयता चालवूनही ती वाढतच जाते. फुटवे येतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून. काम तिथेच करायचं: बुंध्याभोवतीची माती सारा, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुऱ्हाडीने किंवा कुदळीच्या धारेने तोडा, झुडूप उपसून उलटं करून ठेवा म्हणजे मुळं वर आणि फांद्या खाली. असं ठेवलं की पुन्हा मूळ धरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी ही पद्धत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात मोठ्या क्षेत्रावर वापरली आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमीन मऊ असते तेव्हा दोन माणसांत काम भराभर उरकतं. वाळल्यावर जाळा, आणि उघड्या पडलेल्या जागेवर त्याच पावसाळ्यात गवताचे ठोंब लावा. नाही लावले तर ती जागा गाजरगवत घेतं.

घाणेरीतली लँटाडीन नावाची विषं यकृताला मारतात. बाधा गुरांत जास्त दिसते, पण उपाशी घोड्याबाबत धोका पत्करू नये. यकृत बिघडलं की पानांतल्या हरितद्रव्याचा एक घटक रक्तातून बाहेर पडत नाही आणि ऊन लागताच गोरी कातडी भाजल्यासारखी सोलवटते. नुकरा घोड्यांच्या गुलाबी कातडीवर हे सगळ्यात वाईट दिसतं. इतर घोड्यांत कपाळावरचा पट्टा, नाकपुड्या आणि पांढरे पाय बघा. उन्हाने भाजलं म्हणून मलम लावत बसण्यापेक्षा यकृताची तपासणी करून घ्या.

गाजरगवत

पुण्यात १९५५ साली पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता प्रत्येक पडीक जागेत आहे. घोडा ते आपणहून कमीच खातो. त्याचा मुख्य अपाय म्हणजे ते चांगल्या गवताची जागा खातं. शिवाय त्याच्या स्पर्शाने जनावराच्या तोंडाभोवती आणि माणसाच्या हाता-मानेवर पुरळ येऊ शकतो. उगवल्यापासून ४ ते ६ आठवड्यांत फुलतं आणि एक झाड दहा हजारांहून जास्त बिया टाकतं. म्हणून हिशेब साधा आहे: पहिल्या दमदार पावसानंतर चार आठवड्यांच्या आत पहिली उपटणी, आणि त्यानंतर पावसाळाभर दर महिन्याला एक. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क घालूनच उपटा. फुलं येण्याआधीचं खड्ड्यात शेणाबरोबर कुजवून खत करता येतं. फुललेलं मात्र खतात घालू नका, नाहीतर तेच बी कुरणभर पसराल.

मेक्सिकन भुंगा, म्हणजे झायगोग्रामा, भारतात १९८४ पासून सोडला जातो आहे. तो पावसाळ्यात पानं फस्त करतो आणि कोरड्या दिवसांत मातीत दडतो. मोठ्या पडीक क्षेत्राला त्याचा उपयोग होतो. भुंगे दिसत असतील तर त्या पट्ट्यात औषध फवारू नका.

गाजरगवताला हटवण्यासाठी टाकळा पेरा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. पडीक रस्त्यासाठी तो चांगला आहे, पण घोड्याच्या कुरणात टाकळा पेरू नका. टाकळा (म्हणजेच तरोटा) आणि कासविंदा ही सेन्ना वंशातली झाडं. त्यांच्या बिया आणि पाला घोड्याच्या स्नायूंना इजा करतात. कोवळ्या टाकळ्याची भाजी आपण शिजवून खातो, तिच्यावरून घोड्याच्या खाण्याचा अंदाज बांधू नये.

निरुपद्रवी दिसणारी भुईगुळी

जमिनीलगत पसरणारी, बारीक पानांची, लहान लालसर फुलांची भुईगुळी दख्खनच्या हलक्या जमिनीत सगळीकडे असते. ऑस्ट्रेलियात बर्ड्सव्हिल भागात हीच जात घोड्यांना बाधते: दोनेक आठवडे मुख्यतः तिच्यावरच चरलेला घोडा वाळतो, मागच्या पायांचे खूर घासत चालतो, वळताना लडखडतो. गुरं त्याच माळावर बहुधा ठीक राहतात. एखाददुसरं झाड खाल्ल्याने काही बिघडत नाही. धोका असतो तो पहिल्या पावसानंतर, गवत अजून फुटलेलं नाही आणि भुईगुळी मात्र हिरवी झाली आहे अशा पंधरवड्यात. त्या दिवसांत घोडे माळावर सोडू नका, तबेल्यात वैरण घाला. लसूणघास आणि बुरशी नसलेली शेंगदाणा पेंड यांत आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं, त्याने या विषाचा परिणाम कमी होतो.

ज्वारी आणि बरू

ज्वारीचे कोवळे पोंगे आणि काढणीनंतर फुटलेले फुटवे यांतल्या सायनाइडची भीती शेतकऱ्याला माहीत आहे. घोड्याची आणखी एक अडचण आहे: हिरवी ज्वारी, सुदान गवत किंवा बांधावरचं बरू आठवडे-महिने सतत चरल्यावर मूत्राशयाचा दाह होतो, लघवी ठिबकत राहते, मागचे पाय लटके पडतात. हे सहसा भरून येत नाही. म्हणून घोड्याला हिरव्या ज्वारीत चरायला सोडायचंच नाही. वाळलेल्या कडब्याला हे लागू नाही. बरू जमिनीखालच्या कांड्यांतून वाढतं, नांगर फिरवला तर कांड्या तुटून आणखी पसरतं. खणून कांड्या वेचा आणि उन्हाळ्यात उघड्यावर वाळवा.

तणनाशक वापरायचं झालं तर

पाच-दहा गुंठ्यांसाठी हात आणि कुदळच बरी. मोठ्या क्षेत्रावर रुंद पानांच्या कोवळ्या तणांसाठी २,४-डी चालतं, कारण ते गवत वर्गाला मारत नाही. कुरणात स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरलेला असेल तर मात्र तोही जाईल. बाजारात सोडियम सॉल्ट ८० टक्के, अमाइन सॉल्ट ५८ टक्के आणि एस्टर ३८ टक्के असे प्रकार मिळतात. एस्टर घेऊ नका. त्याची वाफ उन्हात उडून लांब जाते आणि कापूस, द्राक्ष, टोमॅटो या पिकांची पानं वेडीवाकडी होतात. खानदेशात नि नाशिककडे शेजाऱ्याशी भांडण होण्याचं हे हमखास कारण आहे. प्रमाण प्रत्येक प्रकाराचं वेगळं असल्याने डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच घ्या. तण ३ ते ६ पानांवर असताना, सकाळी वारा पडलेला असताना आणि पुढचे सहा तास पाऊस नसेल तेव्हा फवारा. पंप या कामाला वेगळाच ठेवा. धुतलेल्या पंपातल्या अंशानेही कापूस जळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फवारल्यावर तण कोमेजतं तेव्हा त्यात साखर वाढते आणि एरवी टाळलेलं झाड घोड्याला गोड लागतं. विष मात्र तसंच असतं. त्यामुळे लेबलवरची मुदत संपली तरी विषारी तण पूर्ण वाळून कुजेपर्यंत किंवा उचलून टाकेपर्यंत घोडे आत सोडू नका. कापून टाकलेल्या तणालाही हाच नियम.

ग्लायफोसेट गवतासकट सगळं मारतं आणि मोकळ्या जागेत पुन्हा तणच येतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंधही घातले आहेत. मिठाचं १५ ते २० टक्के द्रावण गाजरगवत जाळतं, पण ते फक्त फरशीच्या फटी आणि रस्त्याच्या कडेसाठी. कुरणात मारलं तर गवत जळतं, जमीन खारावते आणि मिठाच्या ओढीने घोडा तेच तण चाटतो.

गवत दाट ठेवा

कुरणाचे किमान तीन तुकडे करा. गवत ६ ते ८ इंच झालं की घोडे सोडा, ३ इंचांवर आलं की बाहेर काढा. घोडा आवडत्या जागी मुळापर्यंत खातो आणि लीद टाकलेल्या जागी तोंड लावत नाही. पहिल्या जागी उघडी माती पडते, दुसऱ्या जागी तण माजतं. आठवड्यातून दोनदा लीद उचलली की दोन्ही कमी होतं. उन्हाळ्यात आणि चिखलाच्या दिवसांत एक छोटा वाडा ठेवा, तिथेच वैरण घाला आणि बाकी कुरण मोकळं सोडा.

रिकाम्या जागी मारवेल आणि हरळी ही घोड्यासाठी उत्तम. मारवेलचे ठोंब जूनअखेर ते जुलैमध्ये दीड फूट बाय एक फूट अंतरावर लावा आणि पहिल्या वर्षी चराई न करता कापून घाला. अंजन गवताची शिफारस कोरडवाहू कुरणासाठी सगळीकडे होते, गुरांसाठी ती योग्यच आहे. पण अंजन, नेपियर, पॅरा यांत ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि फक्त त्यावरच वाढलेल्या घोड्याच्या जबड्याची नि चेहऱ्याची हाडं फुगतात, तो लंगडतो. असं गवत असेल तर रोज लसूणघास द्या आणि कोंडा कमी करा, कारण कोंड्यातलं फॉस्फरस हा त्रास वाढवतं. कुसळी गवत कुसळ धरण्याआधी कापा, ती हिरड्यांत रुततात.

गंजी लावताना

गवत कापण्याच्या आदल्या दिवशी त्या पट्ट्यात फिरून खुळखुळा, धोतरा, टाकळा उपटून बाहेर काढा. बाहेरून विकत घेतलेल्या गवताची प्रत्येक गाडीतून चार-पाच पेंढ्या घ्या, पांढऱ्या ताडपत्रीवर सोडा आणि झटका. वर येतात त्या फुगीर, कागदासारख्या शेंगा खुळखुळ्याच्या. खाली धुळीत मूत्रपिंडाच्या आकाराचे गुळगुळीत दाणे दिसले तर तेही त्याचेच. काटेरी बोंडाची टरफलं धोतऱ्याची. लांब, बारीक, कोयत्यासारख्या वाकलेल्या शेंगा टाकळ्याच्या. हे मिळालं तर ती गाडी घोड्यांसाठी घेऊ नका. निवडून वापरू म्हणणं व्यवहारात जमत नाही, पानांचा चुरा निवडता येत नाही.

शंका आली तर

घोडा लगेच कुरणातून काढा, सावलीत उभा करा, समोरची वैरण उचला, स्वच्छ पाणी ठेवा. तेल, तूप, ताक, काढा तोंडाने पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला सूज येते. सक्रिय कोळसा द्यायचा तर तो डॉक्टर नाकातल्या नळीने देतात. कण्हेरीचा संशय असेल तर घोड्याला चालवू नका, हृदयावर ताण येतो. जवळ पशुवैद्य नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

डॉक्टर येईपर्यंत संशयित झाड मुळा-फुलासकट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, खुराकाचा आणि गवताचा मूठभर नमुना कागदी पिशवीत घाला. प्लास्टिकमध्ये पाला सडून ओळख पटत नाही. त्याच गंजीवरचे बाकीचे घोडे बरे दिसत असले तरी त्यांचं रक्त तपासायला सांगा. खुळखुळ्याच्या बाधेत जीजीटी हे यकृताचं विकर लक्षणांच्या आधी वाढतं. पहिला अहवाल चांगला आला तरी सहा ते आठ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा, आणि तोवर त्या घोड्यांना जुन्या गंजीतलं काहीही घालू नका.